सिलिएक आणि थायरॉइड एकत्र सांभाळताना

सिलिएक म्हणजे ग्लुटेन (गहू, सातू आणि राय यांतलं प्रथिन) पोटात गेलं की शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याला इजा करते तो आजार. त्याचा संशय आहे आणि त्यातच थायरॉइडच्या अँटीबॉडी वाढलेल्या निघाल्या, की बहुतेक जण ठरवतात, 'उद्यापासून गहू बंद.' हे घाईने करू नका. सिलिएकची रक्ततपासणी आणि बायोप्सी, दोन्ही ग्लुटेन पोटात जात असतानाच खरं उत्तर देतात. महिनोन् महिने पथ्य पाळून मग तपासणी केली तर रिपोर्ट फसवा 'नॉर्मल' येऊ शकतो. मग आजार आहे की नाही हे कळण्यासाठी पुन्हा आठवडेच्या आठवडे ग्लुटेन खाऊन त्रास ओढवून घ्यावा लागतो.

आधी तपासणी, मग पथ्य

पहिली रक्ततपासणी टीटीजी-आयजीए, म्हणजे सिलिएकमध्ये वाढणारी अँटीबॉडी. तिच्या जोडीला एकूण आयजीएची (हा अँटीबॉडीचा एक प्रकार) पातळी मोजून घ्या. सिलिएक असलेल्या १०० पैकी दोन-तीन जणांच्या शरीरात आयजीए मुळातच तयार होत नाही. अशांचा टीटीजी-आयजीए कायम निगेटिव्ह येतो आणि आजार लपून राहतो. त्यांच्यासाठी आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडीवर आधारित चाचणी करतात, उदाहरणार्थ डीजीपी-आयजीजी.

टीटीजी वाढलेला असेल तर मोठ्या माणसांत पुढची पायरी बहुधा एंडोस्कोपीची असते. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून, म्हणजे ड्युओडेनममधून, एकच तुकडा घेऊन भागत नाही, कारण आतड्याची हानी सगळीकडे सारखी नसते. ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागातून निदान चार आणि त्याआधीच्या बल्बमधून एक-दोन तुकडे घ्यावेत असा संकेत आहे. एंडोस्कोपीआधी डॉक्टरांना हे विचारायला संकोच करू नका. मुलांच्या बाबतीत २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार टीटीजी-आयजीए नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए ही अँटीबॉडीही सापडली, तर बायोप्सीशिवाय निदान करता येतं.

ज्यांनी आधीच ग्लुटेन सोडलंय त्यांना तपासणीपूर्वी ते पुन्हा सुरू करावं लागतं. साधारणपणे रोज ३ ते १० ग्रॅम ग्लुटेन, सहा ते आठ आठवडे. पावाच्या एका स्लाइसमध्ये अंदाजे २ ग्रॅम ग्लुटेन असतं, म्हणजे रोजच्या दोन स्लाइस पुरतात. त्रास फारच झाला तर डॉक्टर हा काळ दोन आठवड्यांवर आणतात. हे स्वतःच्या मनाने करू नका, विशेषतः पूर्वी मोठी प्रतिक्रिया आली असेल तर. अशा वेळी आधी एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकीय चाचणी करणं शहाणपणाचं. ती निगेटिव्ह आली तर सिलिएक जवळजवळ निकालात निघतो आणि ग्लुटेन खाण्याची वेळच येत नाही. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे मात्र काहीच सिद्ध होत नाही. ही जनुकं अनेक समाजांत ३० ते ४० टक्के लोकांत सापडतात, त्यातल्या फार थोड्यांना सिलिएक होतो.

सिलिएक असलेल्यांनी थायरॉइड तपासावा आणि ऑटोइम्यून थायरॉइड असलेल्यांनी सिलिएक, असं का सांगतात? दोन्ही आजारांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अवयवावर उलटते, आणि दोन्हींकडे झुकवणारी जनुकं बऱ्याच अंशी एकाच गटातली आहेत. २०१६ साली अनेक अभ्यास एकत्र करून मांडलेल्या हिशेबात ऑटोइम्यून थायरॉइडच्या सुमारे ६२ रुग्णांमागे एकाला बायोप्सीने सिद्ध झालेला सिलिएक आढळला. मुलांत हे प्रमाण बरंच जास्त होतं.

थायरॉइडचा रिपोर्ट वाचताना

तीन आकडे पुरतात: टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, थायरॉइड मंदावला की हे वाढतं), फ्री टी४ (थायरॉइड स्वतः बनवतो ते संप्रेरक) आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडवर उलटलेली अँटीबॉडी). टीएसएच खाली दबलेला असेल तर ग्रेव्हज आजारासाठी (यात थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करतो) टीआरएबी ही अँटीबॉडी बघतात. टीएसएचची नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असते, पण प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते. म्हणून शक्यतो एकाच लॅबमध्ये आणि दिवसाच्या साधारण एकाच वेळी रक्त द्या. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो. एकदा सकाळी सातला आणि पुढच्या वेळी दुपारी तीनला रक्त दिलं, तर आकड्यातला फरक आजाराचा की घड्याळाचा हे सांगता येत नाही.

केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीपूर्वी निदान दोन दिवस बंद ठेवा. मोठ्या डोसमधलं बायोटिन अनेक यंत्रांवरच्या चाचणीत ढवळाढवळ करतं: टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसतो. थायरॉइड अगदी ठीक असलेल्या माणसाचा रिपोर्ट त्यामुळे ग्रेव्हजसारखा दिसू शकतो.

अँटी-टीपीओ वाढलेला, पण टीएसएच आणि फ्री टी४ नॉर्मल, हे चित्र सिलिएकमध्ये पुष्कळदा दिसतं. याला गोळी लागत नाही, नजर ठेवावी लागते. इंग्लंडमधल्या व्हिकम गावातल्या वीस वर्षांच्या पाहणीत फक्त अँटीबॉडी असलेल्या स्त्रियांपैकी वर्षाला साधारण २.१ टक्के जणींचा थायरॉइड मंदावला. अँटीबॉडी आणि वाढलेला टीएसएच दोन्ही असतील तर हे प्रमाण ४.३ टक्के होतं. म्हणजे घाबरण्यासारखं नाही, पण वर्षातून एकदा टीएसएच चुकवण्यासारखंही नाही. अँटी-टीपीओचा आकडा मात्र पुन्हा पुन्हा मोजण्यात पैसे घालवू नका. तो ६०० वरून ४०० झाला म्हणून उपचारात काही बदलत नाही.

ग्लुटेन सोडल्याने थायरॉइड बरा होतो का, हा प्रश्न सगळेच विचारतात. सिलिएक असेल तर ग्लुटेन सोडायचंच आहे, ते आतड्यासाठी. त्याने थायरॉइडचा आजार हमखास मागे फिरतो असा भरवशाचा पुरावा नाही. सिलिएक नसलेल्यांनी केवळ थायरॉइडसाठी ग्लुटेन सोडावं असं सुचवण्याइतका पुरावा तर अजिबात नाही. आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्यांपासूनही लांब राहा. हाशिमोटोमध्ये, म्हणजे थायरॉइड मंद करणाऱ्या ऑटोइम्यून आजारात, जादा आयोडीन थायरॉइडला आणखी मंद करू शकतं. सेलेनियमने काही चाचण्यांत अँटीबॉडी कमी झाल्या, पण त्यातून रुग्णाला ठोस फायदा झाल्याचं दिसलेलं नाही. मोठ्या माणसांनी ते सगळे स्रोत धरून दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये.

एक आजार दुसऱ्याला झाकतो

थकवा, केसगळती, बद्धकोष्ठ, मन उदास राहणं, पाळी अनियमित होणं ही लक्षणं दोन्हीकडची आहेत. वजनाचं तर विचित्रच होतं. सिलिएक वजन उतरवतो, मंद थायरॉइड वाढवतो, आणि दोन्ही एकदम असतील तर काटा जागच्या जागी राहतो आणि कुणालाच शंका येत नाही.

रक्ताच्या रिपोर्टमध्येही हेच घडतं. लोहाच्या कमतरतेने तांबड्या पेशी लहान होतात. बी१२ किंवा फोलेट कमी असलं, किंवा थायरॉइड मंद असला, की त्या मोठ्या होतात. दोन्ही एकाच वेळी चालू असेल तर सरासरी आकार, म्हणजे रिपोर्टमधला एमसीव्ही, मधोमध येऊन नॉर्मल दिसतो. तिथेच न थांबता जवळची आरडीडब्ल्यूची ओळ बघा. लहान आणि मोठ्या पेशींची सरमिसळ असेल तर हा आकडा वाढलेला असतो. म्हणून हिमोग्लोबिनच्या जोडीला फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ आणि फोलेट वेगवेगळे मोजून घ्या. निदानाच्या वेळी त्यांच्याबरोबर ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, झिंक आणि यकृताची एन्झाइम्स बघून ठेवली की पुढे तुलना करायला सोपं जातं.

किती ग्लुटेन म्हणजे जास्त

'ग्लुटेन-फ्री' म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थासाठी आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकातली मर्यादा २० पीपीएम आहे, म्हणजे किलोभर पदार्थात जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत बाधत नाही असं मानलं जातं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज ५० मिलिग्रॅम, तेही फक्त तीन महिने, एवढ्यानेही आतड्याचं नुकसान दिसून आलं.

आता हे आकडे ओट्यावर आणू. पावाच्या एका स्लाइसमध्ये २ ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅम ग्लुटेन. त्याचे चाळीस भाग केले तर एका भागात ५० मिलिग्रॅम, दोनशे केले तर १० मिलिग्रॅम. दोनशेवा भाग म्हणजे लोण्याच्या डब्यात सुरीबरोबर पडणारा चुरा. 'थोडंसंच लागलंय' या सबबीला इथे जागा उरत नाही. उलट अंगाने, २० पीपीएमच्या आतला पदार्थ दिवसात अर्धा किलो खाल्ला तरी हिशेब १० मिलिग्रॅमच्या आत राहतो. म्हणून प्रमाणित ग्लुटेन-फ्री पदार्थाबद्दल उगाच धास्ती बाळगू नका.

ग्लुटेन हे प्रथिन आहे, जंतू नाही. उकळून, भाजून, तळून ते नष्ट होत नाही, आणि सॅनिटायझरने हातावरून जात नाही. साबण, पाणी आणि घासणं, एवढंच कामाला येतं. त्यामुळे गुळगुळीत स्टील आणि काच धुऊन सुरक्षित होतात, छिद्रं आणि चरे असलेल्या वस्तू होत नाहीत. वेगळं काय घ्यायचं याची कसोटी हीच. लाकडी पोळपाट-लाटणं आणि उलथणी, चाळणी, पिठाची गाळणी, टोस्टर, ओरखडे पडलेली नॉनस्टिक भांडी आणि भांडी घासायचा स्पंज स्वतंत्र हवेत. चाळणीच्या जाळीत अडकलेलं पीठ कितीही धुतलं तरी पूर्ण निघत नाही, म्हणून ती यादीत सगळ्यात वर ठेवा. लोणी, जॅम, सॉस यांचा वेगळा डबा करून त्यावर ठळक नाव घाला.

तळणीच्या तेलात गव्हाचं काही तळलं गेलं असेल तर ते तेल तुमच्यासाठी संपलं. पास्ता उकळलेल्या पाण्याचंही तेच. मैदा किंवा कणीक चाळताना हवेत उडालेलं पीठ बराच वेळ तरंगतं आणि मग उघड्या भांड्यांवर बसतं. त्यामुळे घरात दोन्ही प्रकारचा स्वयंपाक होत असेल तर आधी ग्लुटेनविरहित पदार्थ करा, झाकून वरच्या फळीवर ठेवा, आणि मगच गव्हाच्या पिठाला हात लावा.

पिठांबाबत जास्त जपायला हवं. तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, कुट्टू यांत ग्लुटेन नसतं, पण ती ज्या यंत्रावर दळली त्यावर आधी काय दळलं होतं यावर सगळं ठरतं. २०१० साली अमेरिकेत मुळात ग्लुटेन नसलेल्या धान्यांचे आणि पिठांचे, पण पाकिटावर तसा दावा नसलेले २२ नमुने तपासले. त्यातले ७ नमुने २० पीपीएमच्या वर निघाले. त्यामुळे एकतर प्रमाणित पीठ घ्या, नाहीतर अख्खं धान्य आणून निवडा, धुवा, वाळवा आणि फक्त त्यासाठीच राखलेल्या घरगुती यंत्रात दळा.

ओट्सची गोष्ट वेगळी आहे. त्यातलं एव्हेनिन हे प्रथिन बहुतेकांना सोसतं, पण बाजारातल्या साध्या ओट्समध्ये गहू-सातू मिसळलेले असतातच. ग्लुटेन-फ्री म्हणून प्रमाणित ओट्सही पहिले काही महिने, टीटीजी खाली येईपर्यंत, बाजूला ठेवा. नंतर थोड्यापासून सुरुवात करून दिवसाला ५० ते ७० ग्रॅमपर्यंत न्या आणि तीनेक महिन्यांनी टीटीजी पुन्हा बघा. मोजक्या लोकांना शुद्ध ओट्सही चालत नाहीत.

लेबल वाचताना गहू, सातू म्हणजेच जव, आणि राय ही तीन नावं तर शोधायचीच. रवा, मैदा, दलिया, ड्युरम, स्पेल्ट, ट्रिटिकेल, कुसकुस, सेटान ही सगळी गव्हाची किंवा त्याच्या भाईबंदांची रूपं. माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट आणि माल्ट व्हिनेगर सातूपासून येतात, आणि कॉर्नफ्लेक्ससारख्या निरुपद्रवी वाटणाऱ्या पाकिटात हेच सापडतं. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. नेहमीची बिअर सातूचीच. 'गहूविरहित' म्हणजे ग्लुटेनविरहित नव्हे, कारण सातू आणि राय उरतातच. दुसरीकडे माल्टोडेक्स्ट्रिन आणि ग्लुकोज सिरप या नावांनी बिचकू नका. गव्हापासून केले तरी प्रक्रियेत त्यातलं ग्लुटेन जवळजवळ निघून गेलेलं असतं.

तयार ग्लुटेन-फ्री बिस्किटं आणि ब्रेड यांवर दिवस काढू नका. त्यांत तंतू (फायबर) कमी आणि साखर-चरबी जास्त असते, आणि गव्हाच्या पिठात अनेकदा घातलं जाणारं फोलेट आणि लोह त्यांत बहुतेकदा नसतं. मंद थायरॉइडमुळे आधीच बद्धकोष्ठ असलेल्याला हे आणखी महागात पडतं. डाळी, कडधान्यं, भाज्या, फळं आणि अख्खी भरड धान्यं यांतून दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू जातील असं बघा.

थायरॉइडची गोळी आणि घड्याळ

लिव्होथायरॉक्सिन (मंद थायरॉइडसाठीची गोळी) लहान आतड्यातूनच शोषलं जातं, आणि सिलिएकमध्ये नेमकं तेच आतडं जखमी असतं. म्हणून इथे गोळी कशी घेतली जाते यालाही तिच्या डोसइतकंच महत्त्व आहे.

रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, न्याहारीच्या आणि चहा-कॉफीच्या निदान अर्धा तास, शक्यतो तासभर आधी. हे जमत नसेल तर रात्री झोपताना, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. सकाळ की रात्र हे एकदा ठरवलं की बदलू नका. लोह, कॅल्शियम आणि अँटासिड गोळीला आतड्यातच बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर हवं. सिलिएकच्या रुग्णाला लोह आणि कॅल्शियम दोन्ही चालू असतात, आणि मग सगळ्या गोळ्या सकाळी एकदम गिळून टाकण्याचा मोह होतो. टीएसएच वर राहण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

दिवस असा बसवता येतो. सकाळी सहाला थायरॉइडची गोळी, सातला न्याहारी. दुपारी एकला जेवणाबरोबर कॅल्शियम कार्बोनेट. १२५० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असतं, आणि एका वेळी त्याहून जास्त घेऊन उपयोग नाही. संध्याकाळी पाचला लोह, लिंबू किंवा संत्र्यासारख्या क जीवनसत्त्व असलेल्या फळाबरोबर. त्याच्या मागेपुढे तासभर चहा-कॉफी नको. लोह दिवसाआड घेतलं तर पोटाला कमी त्रास होतो आणि प्रत्येक गोळीतलं शोषण चांगलं होतं, हा पर्याय डॉक्टरांना विचारा. रात्रीच्या जेवणात थोडं तेल-तूप असेल तेव्हा ड जीवनसत्त्व.

आम्लपित्ताच्या पीपीआय प्रकारच्या गोळ्या रोज चालू असतील तरी थायरॉइडच्या गोळीचं शोषण घटतं, कारण ती विरघळायला आम्ल लागतं. जठराच्या अस्तराची, बी१२ खाली ओढणारी ऑटोइम्यून सूज या दोन आजारांच्या जोडीने येऊ शकते आणि तिथेही आम्ल कमी असतं. गोळ्यांनी टीएसएच जागेवर येतच नसेल तर लिव्होथायरॉक्सिनचं द्रवरूप किंवा जेल कॅप्सूल जिथे मिळतं तिथे उपयोगी पडतं. गोळीतल्या स्टार्चचा स्रोत कोणता हे फार्मासिस्टला विचारा, आणि एक ब्रँड मानवला की तोच धरून ठेवा.

थायरॉइड पूर्ण मंदावला असेल तर मोठ्या माणसाचा डोस वजनाच्या दर किलोला सुमारे १.६ मायक्रोग्रॅम असतो. ६० किलोच्या माणसाला साधारण १०० मायक्रोग्रॅम. त्याच माणसाचा टीएसएच १५० वरही खाली येत नसेल, तर डोस वाढवण्याआधी शोषणाची चौकशी व्हायला हवी, आणि सिलिएक अजून तपासला नसेल तर तो तपासायला हवा. वयस्कर आणि हृदयविकार असलेल्यांची सुरुवात २५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी डोसने करतात.

पथ्य सुरू झालं की डोस हलतो

आमच्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. ग्लुटेन बंद झालं, आतडं भरून येऊ लागलं, की तीच गोळी जास्त शोषली जाते. काल पुरेसा असलेला डोस चार महिन्यांनी जास्त होतो. धडधड, हात कापणं, झोप न लागणं, घाम, वजन उतरणं, जुलाब. यातले जुलाब फसवतात. 'नक्की कुठून तरी ग्लुटेन गेलं' म्हणून माणूस पथ्य आणखी कडक करत बसतो, आणि टीएसएच तिकडे ०.१ च्या खाली गेलेला असतो. जादा डोस हाडंही झिजवतो, आणि सिलिएकने ती आधीच ठिसूळ केलेली असतात.

म्हणून पथ्य सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा, आणि पहिलं वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनी करत राहा. सहा आठवड्यांच्या आत करून उपयोग नाही. टी४ चं रक्तातलं अर्ध आयुष्य साधारण सात दिवसांचं असतं, आणि नवीन डोसचा टीएसएच स्थिरावायला तेवढा वेळ लागतो.

उलटही होतं. वर्षभर स्थिर असलेला टीएसएच त्याच डोसवर अचानक चढला, तर आधी साधी कारणं बघा: ब्रँड बदलला का, वेळ चुकते का, नवीन लोह-कॅल्शियम-पीपीआय सुरू झालं का, गरोदरपण आहे का. यातलं काहीच नसेल तर टीटीजी करा. नकळत पोटात जाणाऱ्या ग्लुटेनची चाहूल कधी कधी आधी टीएसएचमध्येच लागते.

पथ्य पाळूनही बरं वाटत नसेल तर

टीटीजी सहा आणि बारा महिन्यांनी, मग दर वर्षी. तो सतत खाली येत जायला हवा. सुरुवातीला फार जास्त असेल तर नॉर्मल व्हायला दोन वर्षंही लागतात. मोठ्या माणसांत आतडं प्रत्यक्ष भरून यायला त्याहून वेळ लागू शकतो, आणि टीटीजी नॉर्मल झाला म्हणजे आतडं पूर्ण बरं झालं अशी खात्री देता येत नाही.

वर्षभरानंतरही त्रास असेल तर सर्वात संभाव्य कारण नकळत जाणारं ग्लुटेनच असतं. दोन आठवडे तोंडात जाणारं सगळं लिहून काढा: औषधं, टूथपेस्ट, लिपस्टिक, बाहेरचं जेवण, दुसऱ्याच्या ताटातला घास. ही वही या आजाराची माहिती असलेल्या आहारतज्ज्ञाला दाखवा. लघवीतले किंवा शौचातले ग्लुटेनचे अंश मोजणाऱ्या चाचण्याही आता काही ठिकाणी मिळतात. ग्लुटेन सापडलं नाही तर पुढचा शोध दुधातल्या लॅक्टोजचा (आतडं भरलं की हे बहुधा काही महिन्यांत सुधारतं), आतड्यातल्या जंतूंच्या वाढीचा, मायक्रोस्कोपिक कोलायटिसचा (मोठ्या आतड्याची फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी सूज), स्वादुपिंडाच्या कमी पडणाऱ्या एन्झाइम्सचा. आणि अर्थात टीएसएचचा.

चुकून ग्लुटेन गेलंच तर करण्यासारखं फार नसतं. उलट्या-जुलाब झाले तर क्षार-साखरेचं पाणी, विश्रांती, हलका आहार. ग्लुटेन पचवून देण्याचा दावा करणाऱ्या एन्झाइमच्या गोळ्या संरक्षण देत नाहीत. थायरॉइडची गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर दुसरी घ्यावी का हे डॉक्टरांना विचारून ठेवा, पण एखाद-दुसऱ्या दिवसाच्या त्रासाने टीएसएच बिघडत नाही. आणि लक्षणांवरून नुकसान मोजू नका. काहींना कणभर ग्लुटेनने लोळायची वेळ येते, काहींना रोज खाऊनही काही जाणवत नाही आणि आतडं मात्र सोलवटत राहतं.

हाडं, लसी, गरोदरपण

मोठ्या माणसांनी निदानानंतर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी कधी करायची हे ठरवून घ्यावं. सिलिएकमध्ये काहींची पाणथरी (प्लीहा) नीट काम करत नाही, म्हणून न्यूमोकॉकसची (न्यूमोनिया करणारा जंतू) लस घेण्याबद्दल विचारा. हिपॅटायटिस बीची लस घेतली असेल तरी अँटीबॉडी तयार झाल्यात का बघा, कारण सिलिएकमध्ये ती अनेकदा लागू पडत नाही.

मूल हवं असेल तर आधी टीटीजी खाली आणि टीएसएच २.५ च्या आत आणून मग प्रयत्न करणं चांगलं. उपचार न केलेला सिलिएक गर्भपात आणि कमी वजनाच्या बाळाची शक्यता वाढवतो. गरोदरपण कळल्या दिवशीच लिव्होथायरॉक्सिनची गरज साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढलेली असते. आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, असा हा हिशेब डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवला तर पहिली भेट मिळेपर्यंतचे मोलाचे आठवडे वाया जात नाहीत. पुढे निम्म्या गरोदरपणापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, आणि बाळंतपणानंतर डोस पूर्ववत.

आईवडील, भावंडं आणि मुलं यांना लक्षणं नसली तरी टीटीजी-आयजीए करून घ्यायला सांगा. त्यांच्यातल्या दहापैकी जवळपास एकाला सिलिएक निघू शकतो. निगेटिव्ह आला तरी दोन-तीन वर्षांनी, किंवा काही लक्षण दिसताच, पुन्हा करावा.

थांबू नये अशा वेळा

वजन घटणं, सतत दमणूक, उभं राहताच चक्कर, रक्तदाब कमी, खारट खाण्याची ओढ, त्वचा आणि हिरड्या काळवंडणं, हे दिसलं तर मूत्रपिंडांवरची ॲड्रिनल ग्रंथीही मंदावली असण्याची शक्यता असते. अशा वेळी थायरॉइडची गोळी सुरू करण्यापूर्वी किंवा वाढवण्यापूर्वी सकाळचं कॉर्टिसॉल (ॲड्रिनलचं संप्रेरक) तपासलं जायला हवं. ॲड्रिनल कमी पडत असताना थायरॉइडचा डोस चढवला तर जीवघेणं संकट उभं राहू शकतं. सारखी तहान, खूप लघवी आणि झपाट्याने उतरणारं वजन म्हणजे त्याच दिवशी रक्तातली साखर. टाइप १ मधुमेह याच घराण्यातला आहे. ग्रेव्हजसाठी कार्बिमॅझोल किंवा मेथिमॅझोल चालू असताना घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवून लगेच पांढऱ्या पेशी मोजून घ्या. आणि वर्षानुवर्षं चोख पथ्य पाळणाऱ्याला पुन्हा जुलाब, पोटदुखी, ताप किंवा वजनघट सुरू झाली, तर स्वयंपाकघरातल्या चुका शोधत बसू नका. रिफ्रॅक्टरी सिलिएक (पथ्यालाही न जुमानणारा) किंवा आतड्याचा लिम्फोमा (एक कर्करोग) विरळ असतो, पण तो एंडोस्कोपी आणि स्कॅननेच कळतो, आणि त्यासाठी पोटविकारतज्ज्ञाची भेट त्याच आठवड्यात व्हायला हवी.